तू धुतलेली विंग

आये, आज एका गृहस्थांनी माझ्याकडे तुझी चौकशी केली. ती तू आहेस हे त्यांना ठाऊक नव्हतं. डिचोलीचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि आता या वयात पाठीला इंजिन बांधून उडायला शिकायला माझ्याकडे आलेले. घरी सांगून आलात का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणाले, सांगितलंय, पण योग शिबिर म्हणून. मी त्यांना तिथल्या तिथे बायकोला फोन लावायला सांगितला. खोटं सांगून आलेल्या माणसाचे पाय मी जमिनीवरून सुटू देत नाही, असं वर ऐकवलंसुद्धा. बिचाऱ्यांनी मान खाली घालून फोन केला. मी आता शिकवते ते घाटावर, बेळगावच्या बाजूला, रीतसर परवानगी असलेल्या एका माळावर. पहिले कितीतरी दिवस मी कुणाला उडूच देत नाही. दोऱ्या तपासा, टाक्याला टाका बघा, पट्टे ओढून बघा, वारा बघा, पुन्हा दोऱ्या तपासा. लोक कंटाळतात, पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणतात. तुला हे ऐकून हसू आलं असतं, कारण घरात उलटं होतं. तिथे हेडमास्तरीण तू होतीस.

तुला आठवतं, वीज खात्यात नोकरी लागून मी पेडण्याच्या ऑफिसात बसायला लागले, तेव्हा तुला वाटलं, चला, आता मुलीचं मार्गी लागलं. आणि मी सुट्टीच्या दिवशी घाट चढून उडायला शिकायला जायला लागले. शेजारणीला तू सांगत होतीस, "लग्नाचा बघतंय म्हटलां तर ह्या चेडू उडाक गेलां." पण मी शिकून, परीक्षा देऊन परत आले आणि पहिल्यांदा आपल्या पार्सेच्या शेतांवरून गेले, तेव्हा तू बांधावर छत्री घेऊन उभी होतीस. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी छत्री. मी वरून पडलेच तर धरायला, असं नंतर म्हणालीस. मला ती काळी छत्री वरून अजून दिसते, आणि तिच्या बाजूला पदर तोंडावर धरलेली तू.

त्याच आठवड्यात कधीतरी तू स्वयंपाकघरात आडाळ्यावर बसून नारळ खवत होतीस. मान वर न करता विचारलंस, "वयल्यान माका आमोणां दिसतलां गो?" मी चहा घेत होते. आमोणे तुझं माहेर. बाबा खाणीवरच्या ट्रकावर होते, तिकडेच कुठेतरी त्यांना तू सांगून आलीस, आणि मांडवीकाठची मुलगी पेडण्यात येऊन पडलीस. मामा गेल्यावर तिथे जायला निमित्त उरलं नव्हतं. बसनं जाऊन बसनं परत येण्यासारखं, पण कुणाकडे जायचं, हा प्रश्न. मी खरं तेच सांगितलं. आये, आमोणे लांब, मध्ये डोंगर, नाही दिसणार. तू खवलेलं खोबरं हातानं सारखं केलंस आणि म्हणालीस, "दिसला नाय तरी चलता. वाट खंय जाता ती तरी कळतली." त्या दिवशी मी मनात ठरवलं, हिला वर न्यायचं.

न्यायचं म्हणजे उचलून न्यायचं नव्हतं. दोघांना घेऊन उडायचं शिक्षण वेगळं, ते घेतलं. तुझे गुडघे धावणारे नव्हते, म्हणून तीन चाकांचा गाडा आणला, पुढे तुझी खुर्ची, मागे माझी, त्याच्यामागे इंजिन. दोघांना पेलणारी मोठी विंग आणली, म्हणजे डोक्यावरचं ते कापडी छत, नारिंगी रंगाचं. तू त्याला पडदो म्हणायचीस. पंचायत, पोलीस ठाणं, विमान वाहतुकीचं खातं, सगळीकडे अर्ज घालून मोपाच्या सड्यावरून सरावाची आणि त्या रविवारी उडायची परवानगी मिळवली. तेव्हा तिथे नुसता कातळ होता आणि गुरं. तुझ्या खुर्चीत तुझ्या वजनाइतकी वाळूची गोण बांधून मी सराव करायचे. तू एकदा ते बघितलंस आणि गाल फुगवून म्हणालीस, "माका गोणीवांगडा तोलतंस?" पण तूही आपल्या परीनं तयारी करत होतीस. देवळात जाऊन देवाला विचारून आलीस. गुरवानं मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावल्या, उजवी पाकळी पडली. देवाचा होकार मिळाला. माझ्या सगळ्या कागदांपेक्षा तुला तो पक्का वाटला, आणि मला त्याचा रागही आला नाही.

शुक्रवारी शेवटच्या सरावाला वारा फिरला आणि मी वायंगणाच्या भातासाठी पाण्यानं भरलेल्या शेतात उतरले. मला काही झालं नाही, गोणीलाही नाही, पण विंग चिखलात लोळली. चिखल वाळू द्यायचा, मग मऊ फडक्यानं, नुसत्या गोड्या पाण्यानं पुसून काढायचा, सावलीत. हे शनिवारी करायचं म्हणून मी ती बल्कांवात, ओसरीच्या बाकावर, ठेवली. आणि शनिवारी पहाटेच विजेची लाइन तुटल्याचा निरोप आला, मला जावं लागलं. संध्याकाळी परत येताना वळणावरूनच मला ती दिसली. आपल्या काजूच्या उतारावर, भर उन्हात दिवसभर पसरलेली, चारी कोपऱ्यांना चिऱ्याचे दगड, नारिंगी रंग असा उजळलेला की विकत आणतानाही तो तसा नव्हता. तू आणि शेजारीण, दोघींनी ती विहिरीवर नेली होती. कपडे धुवायच्या वडीनं घासली होती, नारळाच्या सोडणानं खसाखसा चोळली होती, दगडावर आपटून पिळली होती. आणि दोऱ्या गुंतू नयेत म्हणून त्यांच्या तू वेण्या घातल्या होत्यास. तीन पेडांच्या, घट्ट, शाळेत जाताना माझ्या घालायचीस तशा, आणि प्रत्येकीच्या टोकाला चिंधीची गाठ.

मी उतारावर तशीच उभी राहिले. तू हात पुसत आलीस, कौतुकाची वाट बघत. "उद्या देवाच्या आकाशात जावचा, ता काय चिखलाच्या पडद्यान?" असं म्हणालीस. मला रडू आलं आणि मी चिडून बोलले. आये, त्या कापडावर एक पातळ थर असतो, तो हवा अडवून धरतो. साबण लागला, घासलं, उन्हात तापवलं की तो जातो. मग कापड दिसतं तसंच, पण त्यातून हवा गळते आणि वर गेल्यावर ते कधी दगा देईल सांगता येत नाही. तू कापड हातात धरून ओढून बघितलंस. "खंय फाटलां?" फाटलेलं नाहीच, मी म्हटलं. तू नारळाचा रस गाळतेस तो पंचा फाटलेला असतो का? ते तुला कळलं. कळलं हे तुझ्या तोंडावरूनच दिसलं. तरी तू एकदा म्हणालीस, हळू, माझ्याकडे न बघता, "देवान उजवी पाकळी दिली. आनी तू नाय म्हणतंस?" मी म्हटलं, होय, मी नाही म्हणते.

रविवारी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला म्हणून मी बाहेर आले, आणि बघते तर काय. तू अंगणात, खळ्यात, गाड्याच्या पुढच्या खुर्चीत बसलेली आहेस. नवीन लुगडं, केसात अबोली, पायात माझे कॅनव्हासचे बूट, मांडीवर हेल्मेट. पावाची पिशवी हातात तशीच राहिली माझ्या. तू म्हणतेस, "उडया नाका. पण माका बांध तरी." मी तुला बांधते. खांद्याचे पट्टे, छातीचा, मांड्यांचे. हेल्मेटात अबोली चुरडते, तू ती काढत नाहीस. मी एकेक तपासणी मोठ्यानं म्हणते, कारण नेहमी मोठ्यानंच म्हणायची असते. पट्टे, ठीक. इंधन, ठीक. पंख्याची जाळी, ठीक. वारा, समोरून, ठीक. विंग, नाही. तू मान हलवतेस, गंभीरपणे, पास झालेल्या विद्यार्थिनीसारखी. मग म्हणतेस, "इंजिन तरी चालू कर गो."

आये, मी नियमाची बाई. चाकांना चिरे लावले, गाडा दोरीनं माडाला बांधला, मागे कुणी नाही ना ते दोनदा बघितलं, शेजारणीला बल्कांवाच्या आत पाठवलं आणि मगच चालू केलं. खळ्यातली काजूची पानं मागे उडाली, गाडा दोरीला ताण देऊन थरथरायला लागला. तू डोळे मिटलेस. दोन्ही हात मांडीवर, देवळात बसल्यासारखे. मी बाजूला उभी राहून तुझ्याकडे बघत होते. तुझ्या तोंडावर इतकं तरुण काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. तू हात वर केलास, पुरे म्हणून. मी बंद केलं. पक्षीसुद्धा गप्प झाले होते. तू डोळे न उघडता म्हणालीस, "दिसलां गो." काय दिसलं, मी विचारलं. "आमोणां. नदयेचा वळण, पाणी अडवतत ता मानस, सगळां."

विंग मी तपासायला पाठवली. मनात कुठेतरी वेडी आशा होती. तिथून कळलं ते मला आधीच माहीत होतं, हवा गळते, वापरू नका. परत आली तेव्हा तू ती माझ्याकडून मागून घेतलीस आणि मे महिन्यात पुरुमेंताच्या, पावसाळ्याच्या बेगमीच्या धांदलीत तिच्यावर आमसुलं वाळत घातलीस. वाया काही घालवायचं नाही, हा तुझा नियम. त्या वर्षीची आमसुलं चांगली झाली, असं सगळीकडे सांगत होतीस. पाऊस संपला की नवी विंग येईल, मग खरंच जाऊ, असं आपण दर दोन दिवसांनी बोलत होतो. तू विचारायचीस, "ती धुवची नाय मां?" आणि आपण हसायचो. गणपतीची चवथ झाली, तुझ्या छातीत दुखायला लागलं, आणि नवी विंग आली तेव्हा तिची पेटी उतरवून घ्यायला घरात मी एकटी होते. ती पेटी मी खूप दिवस उघडली नाही. उघडून करायचं काय होतं?

लोक मला म्हणतात, एक दिवस तशाच विंगवर दोन मिनिटं नेली असतीस तर काय बिघडलं असतं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. आज तू पुन्हा तशी नटून खळ्यात बसलीस तर मी आजही नाहीच म्हणेन. त्याची मला खंत नाही. मला तू हवी आहेस, एवढंच आहे. सकाळी माळावर वारा मंद असतो, दव वाळत असतं, मी पुढच्या रिकाम्या खुर्चीचे पट्टे तपासते आणि इतकी तुझी आठवण येते की तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

आता तर आपल्या घरावरून उडताच येत नाही. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. आपण जिथून निघणार होतो तिथे आता मोठी विमानं उतरतात, आणि त्यांच्या वाटेत आमच्यासारख्यांनी जायचं नसतं. ते बरोबरच आहे. एका हॉटेलवाल्यानं किनाऱ्यावर चोरून उडवायला बोलावलं होतं, कोण बघतंय म्हणे. मी त्याला दारातूनच परत पाठवला. पण एकदा मी त्या मोठ्या विमानात बसून आले. मुद्दाम खिडकी मागून घेतली. उतरताना काचेला कपाळ लावून बसले होते. काजूचा उतार दिसला असं वाटलं, तोवर दुसराच उतार आला, दुसरी कौलं, दुसऱ्याची विहीर. आपलं घर मला ओळखता आलं नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, तुम्ही गोव्याच्याच का.

तर आजचं सांगायचं राहिलं. दर तुकडीला मी धुतलेल्या विंगची गोष्ट सांगते. मुली हसतात, वेण्या ऐकून तर फारच. मग मी कापड दाखवते, त्यातून फुंकर मारायला लावते, आणि हसणं थांबतं. एवढ्या वर्षांत ती बाई कोण हे मी कधी सांगितलं नाही. आमच्या गावची एक बाई, असं म्हणते. तुला कुणी हसावं हे मला चालतं, पण तुझ्या नावानं नको. आज गोष्ट संपल्यावर सगळे उठले आणि ते डिचोलीचे गृहस्थ तेवढे बसून राहिले. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पण मॅडम, त्या बाईंना मग कधी वर नेलंत की नाही?"

मी म्हटलं, नेलं. काय दिसलं त्यांना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमोणे. ते स्वतः तिकडचे. पार्सेहून आमोणे किती लांब, मध्ये कुठले डोंगर, त्यांना पाठ. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि माझ्याकडे बघितलं. मग उठून ते दोऱ्या तपासायला गेले.