काढलेले फ्यूज

खंडेनवमी, १९७४. अंधेरी, संध्याकाळ.

डोक्यातून जातच नाही, म्हणून लिहितोय. दरवर्षी आजच्या दिवशी आमच्या कंपनीचा कॉम्प्युटर पूजेसाठी बंद करतात. तो किती वीज खातो यावर लक्ष ठेवायचं काम माझं. नेहमीप्रमाणे मेन स्विच मीच पाडला आणि तिन्ही फ्यूज उपसून खिशात टाकले. फ्यूज माझ्या खिशात, म्हणजे चुकूनही कोणी वीज सोडणार नाही.

सावंत वायरमन मशीनला झेंडूचा हार घालत होता. माझी नजर पॅनेलवरच्या मीटरकडे गेली. सुई हलत होती. मशीन कामात गुंतलं की थरथरते, अगदी तशीच.

"सावंत, ही सुई बघ रे."

"अडकली असतली, साहेबानु," म्हणत त्याने काचेवर टिचकी मारली. सुई शून्यावर पडली. आणि सावकाश पुन्हा वर चढली, थरथरत. सावंत नारळ न फोडताच बाहेर गेला.

दुसऱ्या लाइनचा करंट येत असेल? पण प्रत्येक वायर तपासली ना मी! सगळ्या मेलेल्या. मग सुई का हलावी?

बसमध्ये खिसा गरम लागत होता. म्हटलं, अंगाची ऊब असेल. घरी आल्यावर फ्यूज टेबलावर काढून ठेवले आणि विसरलो. आत्ता सुमन ताटं मांडायला आली आणि ओरडलीच, "अहो, हे काय ठेवलंय इथे? हात पोळला माझा!"

परवा मशीन चालू करायला ते परत बसवायचेत. पण मशीन बंद झालंय कुठे?