सतरा घरांचे दिवे

मी, दानिएल वल्द वामनराव, जात देशी ख्रिस्ती, वय एकवीस, धंदा काही नाही, राहणार सदर बाजार, नागपूर, हल्ली मुक्काम मौद्याजवळ कन्हानकाठी, वडिलांच्या संत्र्याच्या बगीच्याशेजारचे घर, आज रविवारी सकाळी ताप उतरला असताना, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवतो. मला कोणी भाग पाडलेले नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे का, असे विचारणारे नागपुरात पुष्कळ निघतील. त्यांनी ते मागच्या आठवड्यात विचारायचे होते. आज आहे. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आहे, गुरुवारी आली. म्हणून घाई.

कलम १. बाकी सारे यावर उभे आहे, म्हणून हे आधी. आमच्या चर्चचे उपदेशक देवराव यांची मुलगी पुष्पलता, मुलींच्या शाळेतील शिक्षिका, ही ता. २१ फेब्रुवारीस माझ्याबरोबर (येथील तीन शब्द खोडले. खोडाखोड माझी. दा. वा.)

खोडलेले शब्द 'आपल्या मर्जीने आली' असे होते. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "हे खोडा."

मी म्हटले, मरणाऱ्या माणसाचे एवढे तरी राहू दे.

"मरणार तुम्ही. नाव माझं राहणार."

तर खरे असे. मी तिला चार वेळा विचारले होते. चारही वेळा ती काही न बोलता, पुस्तके छातीशी धरून निघून गेली. नाही म्हणाली नाही, म्हणजे हो, असा अर्थ मी काढला. तर्कशास्त्राचा वर्ग अर्ध्यावर सोडल्याचा हा परिणाम. मग कळले की ईस्टरनंतर तिचे लग्न कामठीच्या एका कंपाउंडरशी ठरले आहे. त्या शनिवारी मी शाळेच्या फाटकाशी बैलांची दमणी उभी केली आणि तिला सांगितले, देवराव भंडाऱ्याकडे जाताना मौद्याला प्लेगच्या तापाने पडले आहेत, तुझे नाव घेत आहेत. ती लगेच चढली. वाटभर तिने एकच विचारले, "पाणी पितात ना?" मी म्हटले, पितात.

पोचलो तेव्हा हे कन्हानकाठचे गाव रिकामे होते. उंदीर पडले म्हणून सारे लोक नदीपलीकडे शेतात झोपड्या घालून राहिलेले. सतरा घरे, आणि माणूस एकच, म्हातारी रंभाबाई, जिने उठायचे नाकारले. मी पुष्पलतेला घरात नेले आणि बाहेरून कुलूप घातले. गुरुवारपर्यंत ते होते. मी ओट्यावर निजत होतो. तिला हात लावला नाही. ही बढाई नव्हे. आमच्या चर्चचे फादर म्हणतात, यात बढाई मारण्यासारखे काही नाही.

ती खोट्याने आणली गेली. तिचा काही दोष नाही. हे मी शपथेवर लिहितो, आणि कोणी वेगळे बोलेल तर त्याला हा कागद दाखवावा.

कलम २. वडिलांची सुतारकीची हत्यारे, म्हणजे वाकस, दोन रंधे, पटाशा व गिरमिट, हे माझा गाडीवान रुपराव याला द्यावे. गुरुवारी माझी गाठ त्याने पाहिली आणि म्हणाला, "मालक, बैलं तहानले हाय. पानी पाजून आनतो." नदी डावीकडे होती, गाडी उजवीकडे गेली. मला राग नाही. थाप साधी होती, माझ्या थापेहून बरी. त्या थापेने कोणाचे नुकसान झाले नाही.

कलम ३. माझी फुटकी दौत माझा वर्गबंधू मनोहरराव याला. पुष्पलतेच्या नावावर त्याने भर वर्गात कोटी केली म्हणून मी ती त्याला मारली होती आणि त्याच दिवशी कॉलेज सोडले. नेम चुकला याचे मला अजून वाईट वाटते. फादरांना हे सांगू नये.

कलम ४. सदर बाजारचे घर, हा बगीचा आणि आईच्या पाटल्या पुष्पलतेला. याचे कारण सांगतो, म्हणजे लोक भलते बोलणार नाहीत.

मंगळवारी, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मी फादरांकडे गेलो. उपासकाळ लागला की चाळीस दिवस लग्न नाही, म्हणून आजच लावा म्हटले.

फादर बागेत झारीने पाणी घालत होते. म्हणाले, "ती कोठे आहे?"

मी म्हटले, "माझ्याकडे."

त्यांनी झारी खाली ठेवली. "मग ती हो म्हणाली तरी ते हो नव्हे. जोवर ती पळवणाऱ्याच्या ताब्यात आहे तोवर लग्न होत नाही. शेकडो वर्षांचा नेम आहे. तिला आधी मोकळ्या जागी ठेव, तुझी सावली पडणार नाही अशा. मग मी विचारीन."

"मी पळवली नाही. सांगून आणली."

"खोटे सांगून. दोरी तोंडातून निघाली एवढेच."

"पण फादर, मला ती हवी आहे."

"चोरालाही हवेच असते." मग ते मला वर्गात शिकवत तसे बोलले. मोशेच्या नियमात बैल चोरणाऱ्याला दंड आहे, कारण बैलाच्या बदल्यात बैल देता येतो. माणूस चोरला आणि तो चोराच्या हाती सापडला, तर शिक्षा मरण. चोरी करू नको या आज्ञेत पहिली चोरी हीच. "आणि ती तुझ्याशी लग्न करो वा न करो, तिच्या आयुष्याची चांगली तरतूद तू करून द्यायची. तोही नेमच आहे."

मी पाय आपटत निघालो. बुधवारीही कुलूप तसेच ठेवले. गुरुवारी गाठ हाताला लागली, तेव्हा ते एक वाक्य आठवले, मोशेचे. कुलूप काढले. तोवर रुपराव गाडीसकट गेलेला. मी तिला पायवाट दाखवली. मौदा दोन कोस.

ती गेली नाही. आपखुशीने राहिली असे मी लिहिणार होतो, पण तिला विचारले तेव्हा म्हणाली, "मांजर असतं तरी पाणी पाजलं असतं."

पाणी ती पाजते. सकाळी आणि दुपारी पेज देते, कपाळावर ओला फडका ठेवते, आणि सूर्य कलला की उठून जाते. कोठे जाते ते मला आधी कळले नाही. दिवेलागणीला दारातून पाहिले तर समोरच्या रिकाम्या घरात दिवा. मग शेजारच्या. मग त्यापलीकडच्या. एकेका देवळीत जवसाच्या तेलाची पणती, सतरा घरांत सतरा, आणि माणसाचा आवाज नाही. नदीपलीकडे लोकांनी ते पाहिले आणि भुते हाकलायला थाळ्या बडवू लागले. पाण्यावरून तो आवाज अजून रोज येतो.

मी भिंत धरून उठलो आणि घराघरांत शिरलो. प्रत्येक घर झाडलेले. चूल सारवलेली. कोपऱ्यात मेलेला उंदीर असेल तर त्यावर राख. रंभाबाईखेरीज कोणी नाही. सतराव्या घरातून बाहेर आलो तर पहिल्या घराच्या पणतीची वात कोणीतरी नुकतीच वर केलेली. मी ओरडलो, "पुष्पलता, कोठे आहेस?"

आवाज आला. कोणत्या घरातून ते सांगता येणार नाही, सगळ्यांतून आल्यासारखा आला. मोठा नव्हता. "तुमच्याकडे नाही."

मग मी परत आलो. पुन्हा शोधायला गेलो नाही.

काल रंभाबाई माझ्याशी बोलली. "मी पुसलं तिले, काहून वं पोरी, इतले दिवे काहून लावून राहिली? तं म्हने, आजी, मी कोनत्या घरात हाय ते त्यायले समजू नये म्हून. मले ठाऊक हाय कोनत्या घरात निजते ते. पन तुले नाही सांगत, जाय!"

फादरांनी सांगितलेली मोकळी जागा तिने अशी आपली आपणच करून घेतली आहे.

कलम ५. जे कोणी घेणार नाही, किंवा कायद्याने ज्याला मिळू शकणार नाही, ते काका गणपतराव यांना. ते वकिलाचे कारकून आहेत आणि मी बारा वर्षांचा असताना चारचौघांत म्हणाले होते, "हा पोरगा कोर्टात जाईल, पण वकील म्हणून नाही." हे कलम दात आवळून लिहिले आहे.

कलम ६. मला चर्चच्या भूमीत जागा नाकारली तर भांडू नये. बगीच्यात विहिरीकडून तिसऱ्या झाडाखाली पुरावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. मृतांच्या सणाला किंवा कधीही तेथे दिवा लावू नये. दिवा दिसला की मी उठून शोधायला जाईन.

कलम ७. साक्षीदार दोन लागतात, नाहीतर हा नुसता कागद. आणि काकांच्या दप्तरात मी पक्के शिकलो आहे, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्याच लेखातून काही मिळत नाही. म्हणून पुष्पलतेने सही करू नये. रंभाबाईचा अंगठा आहे. दुसऱ्यासाठी ती आज सकाळी नदीकाठी जाऊन ओरडली. पलीकडे तिचा थोरला मुलगा आला, पाण्यापर्यंत उतरला, आणि विचारले, "माय, तू जित्ती हाय का?" तिने हो म्हटले तरी त्याला पटले नाही. परत गेला.

हे लिहीत असता पुष्पलता टाक मागते आहे.

मी म्हटले, तू सही केलीस तर घर, बगीचा, पाटल्या, सारे काकांकडे जाईल.

"वाचलं ते मी."

"मग?"

"पहिलं कलम खरं ठरायला दोघं लागतात ना? आजी एकच आहे."

मी म्हटले, निदान पाटल्या तरी घे. ती म्हणाली, "बाबा पडलेत म्हणालात तेव्हा मी जो विश्वास टाकला, तो परत देता येतो का? नाही ना. मग राहू द्या."

कायद्याला सही माझ्या नजरेसमोर हवी. म्हणून ती आणि रंभाबाई समोरच्या घराच्या ओट्यावर बसल्या आहेत, मधे रस्ता आहे, आणि मी दारातून पाहतो आहे. ऊन आहे. तरी तिच्यामागे देवळीत पणती जळते आहे, कालची. मी आधी सही करून कागद उंबऱ्याबाहेर ठेवतो. रंभाबाई नेईल.

(सही) दानिएल वल्द वामनराव

साक्ष :
रंभाबाई, राहणार येथेच. मजकूर वाचून दाखविला, ऐकला. निशाणी डाव्या अंगठ्याची.

पुष्पलता देवराव. सर्व कलमे वाचली. सातवेही वाचले. सही माझ्या मर्जीने करते.

तारीख : १ मार्च १९०३
ठिकाण : समोरचे घर. यांच्याकडे नाही.