मधमाशीच्या दोन जादा डोळ्यांबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
भरती परीक्षा विभाग,
तिसरा मजला, बंद लिफ्टसमोर.

विषय : सामान्य ज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतील मधमाशीच्या डोळ्यांची संख्या दुरुस्त करून मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) माझा पहिला हरकत अर्ज व तो फेटाळल्याचे आपले पत्र.
२) माझा दुसरा अर्ज, सोबत मधमाशी.
३) तो फेटाळल्याचे आपले पत्र, सोबत मधमाशी नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, हा अर्ज मी शांत डोक्याने लिहीत आहे. आधीचे दोन तसे नव्हते, त्याबद्दल क्षमस्व.

१. मी मधुमक्षिका पालन केंद्रातील क्षेत्र सहायक या एका पदासाठी आपली परीक्षा दिली. महागाई का वाढते, कोणत्या मातीत कोणते पीक येते, उपग्रह वर जाऊन काय करतो, कोणत्या परिषदेत कोणी कोणाशी कोणता करार केला, हे सर्व मी स्वयंपाक करताना पाठ केले असून त्यापायी बरेच काही करपले आहे. आपल्या यादीत माझे नाव प्रतीक्षेत पहिले आहे. निवड झालेले एकमेव उमेदवार आणि मी यांच्यात फक्त एका प्रश्नाचे अंतर आहे. पुढच्या भरतीच्या वेळी मी वयोमर्यादेच्या बाहेर गेलेली असेन. म्हणजे ही नोकरी मला मिळाली तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

२. प्रश्न असा होता : मधमाशीला एकूण किती डोळे असतात? पर्याय तीन, पाच, सात, नऊ. मी पाच लिहिले. आपल्या उत्तरतालिकेत सात आहे. पहिल्या अर्जात मी सरळ "मधमाशीला डोळे पाचच" असे लिहिले होते. तेव्हा आपल्याकडच्या टपाल घेणाऱ्या लिपिकांनी मला बाजूला बोलावून समजावले, की अर्जदाराने वस्तुस्थिती लिहायची नसते, फक्त म्हणणे लिहायचे असते. वस्तुस्थिती काय ते कार्यालय ठरवते. माणूस भला आहे. म्हणून आता रीतसर लिहिते : अर्जदाराचे म्हणणे असे की, मधमाशीला डोळे पाच असतात, दोन मोठे बाजूंना आणि तीन बारीक डोक्यावर.

पुरावा म्हणून मी महाविद्यालयाचे प्राणिशास्त्राचे पुस्तक जोडले होते. ते सामान्य ज्ञानाचे पुस्तक नसून विशेष ज्ञानाचे असल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही, असे आपण कळवले. मग मी काडेपेटीत घालून मधमाशीच सादर केली. ती खिडकीत आपल्या मरणाने मेलेली सापडली होती, माझा तिच्या मृत्यूशी संबंध नाही. त्यावर, मधमाशी हे प्रकाशित साहित्य नाही, असे उत्तर आले. तेवढे मात्र खरे आहे.

३. सात हेच उत्तर बरोबर असल्याचा पुरावा म्हणून आपण आपल्या पत्रासोबत एका सुप्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तकाचे पान जोडले आहे. आता नाजूक भाग येतो. त्या पुस्तकाचे संकलक माझे सासरे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते पुस्तक आमच्या पुढच्या खोलीत तयार होते. अण्णा माहिती गोळा करतात, माझे पती पाने लावतात, सासूबाई गठ्ठे बांधतात आणि मुद्रिते मी तपासते. आमच्या घरातून कोणताही कागद दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही, दूधवाल्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा.

इतर प्रकाशक हे पुस्तक पानेच्या पाने उचलतात. त्यांना पकडता यावे म्हणून अण्णा प्रत्येक आवृत्तीत एक माहिती मुद्दाम खोटी घालतात. तिला घरात राखणदार म्हणतात. ती दुसऱ्याच्या पुस्तकात दिसली, की चोर सापडला. मागच्या आवृत्तीचा राखणदार म्हणजे जगात नसलेले एक खत होते. ते बऱ्याच जणांनी उचलले आणि एकाने तर त्याचे फायदेही लिहिले. या आवृत्तीचा राखणदार म्हणजे मधमाशीचे सात डोळे. मी मुद्रित तपासताना त्या सातला गोल करून समासात प्रश्नचिन्ह काढले होते. शेजारी अण्णांनी लिहिले, "राहू दे, असलं कोण विचारतंय."

ते आपण विचारले.

४. परीक्षेच्या खोलीत हा प्रश्न मी तीनदा वाचला. त्या खोलीत खरे उत्तरही माहीत आणि खोटे कुठून आले तेही माहीत, अशी मी एकटीच असावी. पेपर काढणाऱ्यांनी आमच्याच पुस्तकावर हात मारला असेल, ही शंका मला आली होती. पण संशय घेणे हा अण्णांचा रोग आहे, आपल्याला कशाला, असे म्हणून मी ती झटकली. शिवाय मी मधमाश्यांच्या केंद्रात नोकरी मागायला निघाले होते. ज्यांच्यासोबत काम करायचे त्यांना आधीच दोन डोळे जास्त लावून जाणे मला बरे दिसले नाही. निवड झालेल्या उमेदवारांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी पुस्तक पाठ केले, बिचाऱ्यांचे काय चुकले? फक्त रुजू झाल्यावर उरलेले दोन डोळे ते कुठे शोधणार याची काळजी वाटते.

निकालानंतर अण्णांनी दारावर फलक लावला : "प्रश्न जसाच्या तसा आमच्या पुस्तकातून." मी त्या फलकाखालून वाकून आपल्या कार्यालयाकडे येत असते. त्यांनी दोन ओळी लिहून द्याव्यात म्हणून मी हात जोडले. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "एक पान खोटं म्हटलं ना सूनबाई, की उरलेली सगळी पानंही खोटी होतात. त्या पानांवर आपण सगळे जेवतो." मला भयंकर राग आला आणि वाईटही वाटले, कारण त्यात खोटे काहीच नव्हते.

५. यानंतर आपण माझी हरकत तज्ज्ञांच्या गोपनीय अभिप्रायासाठी पाठवली, याबद्दल आभार. ते गोपनीय पत्र मी सही करून घेतले, कारण पोस्टमन आला तेव्हा तज्ज्ञ अंघोळीला गेले होते. पाकीट मी उघडले नाही. अण्णांच्या टेबलावर ठेवले आणि डाळ निवडायला बसले.

तज्ज्ञांनी पुढच्या खोलीत दार लावून अभिप्राय लिहिला. दार लावण्याची त्यांना सवय नाही, त्यामुळे दार मध्येच उघडत होते आणि त्यांना ते पुन्हा लावावे लागत होते. आणि मग सवय आड आली. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद, रोज देतात तसा, तपासायला माझ्या हातात दिला. त्यात लिहिले होते की उत्तरतालिका योग्य असून अर्जदाराची हरकत निराधार आहे. मी वाचले. "निराधार" शब्दाखाली शाई फुटली होती ती दाखवली, एका ठिकाणी वाक्य तुटत होते ते जोडून दिले आणि कागद परत केला. हातात काय दिले हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. अभिप्राय आपल्याकडे पोहोचला आहे. भाषेच्या दृष्टीने तो निर्दोष आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

त्या दिवशी मी पोळ्यांचे पीठ इतके मळले, की पती स्वयंपाकघराच्या दारातून परत फिरले.

६. हा सर्व प्रकार सासूबाईंना पतींकडून कळला. त्यांनी आयुष्यात मधमाशीच्या तोंडाकडे पाहिलेले नाही. त्यांनी माझ्याकडून काडेपेटीतली दुसरी माशी मागून घेतली (आता मी त्या जपून ठेवते), सुईत दोरा ओवायचे भिंग लावले आणि जेवणाची ताटे वाढलेली असताना तिथेच बसून डोळे मोजले. मोजून झाल्यावर अण्णांना एवढेच म्हणाल्या, "हिचे पाच आहेत. तुम्हाला दोन आहेत, तेवढ्यांनी तरी बघा." अण्णा अर्ध्या जेवणावरून उठले. पती ताटात पाहत राहिले. ही घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर आणत आहे याची मला जाणीव आहे, आणि त्याची लाजही वाटते. पण गप्प राहून पाहिले, त्याने डोळे पाचाचे सात झालेले राहतात.

७. तरी विनंती की,
(क) सदर प्रश्नाचे उत्तर पाच धरून निकाल सुधारावा.
(ख) ते शक्य नसल्यास, केंद्रातील सर्व मधमाश्यांना उरलेले दोन डोळे शासकीय खर्चाने पुरवावेत व त्यासाठी निविदा काढावी.
(ग) हेही शक्य नसल्यास, माझी पहिली मधमाशी परत करावी.
आपल्या पत्रातील अटीप्रमाणे पुरावा प्रमाणित पुस्तकाचाच हवा, आणि प्रमाणित पुस्तक आपल्या मते एकच आहे. त्यामुळे मला दुसरा दरवाजा ठोठावता येत नाही, जो आहे तो माझ्याच घराचा.

८. घरातला कागद दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही हे वर आलेच आहे. हा अर्जही मी अण्णांच्या टेबलावर ठेवत आहे. वर पेपरवेट ठेवला आहे, लपवलेला नाही. त्यांनी तो फाडला तर आपणास मिळणार नाही आणि हा विषय संपेल. पुन्हा लिहिण्याचे त्राण मला नाही. त्यांनी न वाचता पुढे सरकवला तर चुकांसह स्वीकारावा.

तसदीबद्दल मला क्षमा असावी, आणि लिफ्ट बंद म्हणून चढलेल्या जिन्याबद्दल माझ्याकडून आपणास.

आपली नम्र,
(सही)
प्रतीक्षा यादीतील पहिली अर्जदार

दिनांक : हरकतीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत :
१) काडेपेटी, आत मधमाशी (दुसरी).
२) भिंग. हे मात्र कृपया परत करावे, सासूबाईंच्या शिवणाचा खोळंबा होतो.

(खालील मजकूर वेगळ्या हस्ताक्षरात, लाल शाईने)

मुद्रित तपासले. दुरुस्त्या :

परिच्छेद १ : स्वयंपाक फार करपलेला नाही. अतिशयोक्ती आहे, पण चालेल.

परिच्छेद ५ : "तज्ज्ञ" हा शब्द तिन्ही ठिकाणी काढावा.

परिच्छेद २ : "अर्जदाराचे म्हणणे असे की" हे शब्द काढावेत. मधमाशीला डोळे पाच असतात. सात मी लिहिले, मुद्दाम लिहिले, आणि या मुलीने तेव्हाच गोल केला होता. समासातले ते प्रश्नचिन्ह असलेले मूळ मुद्रित सोबत जोडत आहे.

बाकी चूक नाही.

— संकलक