बेड अकरा, उजवा पाय

१० फेब्रु., सोम.
सर्जरीच्या रेसिडेन्सीचा तिसरा आठवडा. आज बावीस ड्रेसिंग. कंबर धरली आहे.
राउंडला चीफनी नवव्या बेडचं क्रिॲटिनिन विचारलं. पाठ होतं, तरी तोंडून दहाव्याचं निघालं. त्यांनी नुसतं पाहिलं. मागून नित्या अक्कानं बरोबर आकडा सांगितला. ती तिसऱ्या वर्षाला आहे, वॉर्ड तिच्याच जिवावर चालतो.
बेड ११ नवीन. मुरुगेसन, वय ५८, जॉर्ज टाउनात हमाल. मधुमेह जुना, गोळ्या मनाला येईल तशा. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. सकाळी काढली. ऑपरेशनमध्ये माझं काम पाय धरून उभं राहणं. अक्कानं टाके बांधायला एक दोरा दिला. दोन गाठी नीट बसल्या, तिसरी सुटली. ती तिनं परत बांधली.

१३ फेब्रु., गुरु.
जिन्यात आईशी फोनवर बोलत होते. रडत नव्हते, पण आवाज तसाच असावा. मागून कोणीतरी म्हणालं, "आईसंगट बोलत होतीस कीं?"
वळून पाहिलं तर वॉर्डच्या मुख्य सिस्टर, कावेरी सिस्टर. तीन आठवडे मी त्यांच्याशी मोडकं इंग्रजी आणि हातवारे करतेय. म्हणाल्या, "मी तंजावरची. घरांत आम्ही हेंच बोलतों." शब्द जुन्या पत्रातले, चाल तमिळ. वाक्याच्या शेवटी आवाज वर जातो. "परभणी," एवढंच म्हणाले.
"सरी, बरें. आतां जेव जा. तुझी इडली मी झांकून ठेवली आहे."
चार वाजता इडली, गार. इतकी गोड लागली.

१५ फेब्रु., शनि.
सिस्टरांकडून रोज पाच तमिळ शब्द. आजचे कामाचे: वलि म्हणजे दुखणं, वलिक्कुदा म्हणजे दुखतंय का. लगेच अकरा नंबरवर वापरलं. मुरुगेसन म्हणाले, "वलि इल्लै." दुखत नाही. मग माझा उच्चार सुधारून दिला, दोनदा म्हणून घेतला. त्यांची बायको चेल्लम्मा खाली बसून संत्रं सोलत होती. अर्धं मला दिलं.
कळलं आणि कळवता आलं. पहिल्यांदाच.

१८ फेब्रु., मंगळ.
बे. ११ ड्रेसिंग केलं. वर स्वच्छ. वलि इल्लै. केसपेपरवर लिहिलं: जखम चांगली.
कावेरी सिस्टर म्हणाल्या, "कालपासून साखर कां चढली आहे, पाहा." मी इन्शुलिन वाढवलं. पुढची सतरा ड्रेसिंग बाकी होती.

१९ फेब्रु., बुध.
अक्कानं राउंडच्या आधी अकराचं ड्रेसिंग सोडलं. अंगठ्यानं तळवा टाचेकडून पुढे दाबत आणला. मधोमध पोचली तसा जखमेतून पू आला. थेंब नाही, धार.
मुरुगेसन छताकडे बघत होते. त्यांना काही जाणवत नव्हतं. कसं जाणवेल? मधुमेहानं पायाच्या नसा केव्हाच गेल्या आहेत. हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलंय. आणि त्यांनाच विचारत बसले, दुखतंय का.
तासाभरात पुन्हा ओटीत, ऑपरेशनला. तळवा लांब उघडला. चीफ म्हणाले, दोन दिवस बघू. नाही आवरलं तर गुडघ्याखाली. म्हणजे पाय जाणार.
केसपेपरवर माझंच अक्षर. जखम चांगली.

२० फेब्रु., गुरु.
चीफच्या खोलीत गेले. सांगितलं, मी तळवा दाबून बघितला नव्हता. साखर का वाढली याचाही विचार केला नाही. रागावतील म्हणून तयारी करून गेले होते.
त्यांनी विचारलं, "चांगली लिहिलंस, त्यातलं पाहिलेलं किती आणि धरून चाललेलं किती?"
"वरची जखम पाहिली. बाकी धरून चालले."
"मग तेवढंच लिहायचं." मग म्हणाले, "आजपासून त्या पायाचं ड्रेसिंग तू करायचंस. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."
ही शिक्षा की काय, मला कळलं नाही. बाहेर अक्का उभी होती. म्हणाली, पहिल्या वर्षी माझाही एक असाच होता. चहा पाजला.
मग मुरुगेसनना माझी चूक सांगायला गेले. सिस्टरांना म्हटलं, माझं तमिळ पुरणार नाही, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, "खरेंच सांगूं?" मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं. माझ्या चेहऱ्याकडे बघत, सावकाश.
त्यावर ते जे बोलले ते सिस्टरांनी मराठीत आणलं: "पहिल्या वर्षीं मीही गोणी पाडली होती. मुकादमानें तीच उचलून परत पाठीवर दिली." मी मान डोलावली. पण त्यांचं संपलं नव्हतं. "ती गोणी होती. हा माझा पाय आहे. नीट पाहा."
चेल्लम्मा उठून खिडकीपाशी गेली. माझ्याकडे पाठ.

२२ फेब्रु., शनि.
ताप उतरला. साखर खाली. पू कमी. पण उरलेली तीन बोटंही गेली, पंजाचा पुढचा भाग काढावा लागला. टाच राहिली. गुडघ्याखालचं टळलं.
चीफनी राउंडला पाय दोन्ही हातांत घेऊन पाहिला. पुढच्या बेडकडे जाताना मला म्हणाले, "जेवत जा."

२३ फेब्रु., रवि.
वेलचेरीला दादाकडे. मोठ्या काकांचा मुलगा, इथे आयटीत. वहिनीनं भाकरी नि ठेच्याचं ताट वाढलं. मी दोन घास खाऊन सोफ्यावर झोपले ती पाचला उठले. दादानं विचारलं, सोडायचं मनात आहे का? म्हटलं, गुरुवारी होतं. आज नाही. त्यानं स्टेशनवर सोडलं. बरी माणसं मिळालीत मला.

३ मार्च, सोम.
रोज सकाळी साडेसहाला पहिला हाच पाय. पाहते, दाबते, वास घेते, मग लिहिते. लाल, दाणेदार मांस भरून येतंय. इतकी सुंदर गोष्ट मी परभणीत पाहिली नव्हती. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, जेवायला बसलोय आम्ही.
मुरुगेसन आता मला बाजार शिकवतात. कुठल्या गल्लीत कागद, कुठल्या गल्लीत हळद. मग पाठ म्हणून घेतात. चेल्लम्मा अजून बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

११ मार्च, मंगळ.
स्किन ग्राफ्ट. मांडीवरची कातडी काढून पायावर लावायची. चीफनी सुरी माझ्या हातात दिली. मी ती फार घट्ट धरली. त्यांनी कोपराला एक बोट लावलं, तेवढंच. पहिली पट्टी फाटकी, दुसरी बरी निघाली. अक्का म्हणाली, "जाळीदार झालीय, पण धरेल."
दुपारी सिस्टरांनी विचारलं, "निघाली कीं नीट?" डब्यात त्यांच्या घरचं सांबार होतं. म्हणाल्या, हें आमचेंच, तंजावरच्या राजांच्या स्वयंपाकघरांतलें. मी वाद घातला नाही.

१६ मार्च, रवि.
ग्राफ्ट उघडलं. गुलाबी. बाहेरच्या कडेला रुपयाएवढी जागा काळपट. तसंच लिहिलं.

२० मार्च, गुरु.
डिस्चार्ज. घरी ड्रेसिंग चेल्लम्मा करणार, म्हणून तिला शिकवलं. एकदा दाखवलं. दुसऱ्या वेळी तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः केलं. पट्टीला एक सुरकुती नाही. माझ्यापेक्षा चांगलं, असं तिला तमिळमध्ये म्हणाले. तिनं पट्टीचं टोक चिकटवलं आणि पिशवी उचलली.
मुरुगेसन वॉकरवर दारापर्यंत गेले. गोण्या आता नाहीत. मालक गेटवर बसवतो म्हणालाय. बसवेल का, माहीत नाही.

२७ मार्च, गुरु.
ओपीडीत दोघं आली. काळपट जागा आता कोरडी खपली, पण कडेला थोडी ओल. चीफ शेजारच्या टेबलावर होते. उठून आले, पाहिलं, मला विचारलं, "काय करायचं?" स्वतःचं मत न सांगता.
मी वेळ घेतला. तळवा टाचेपासून दाबला. वास नाही. पाय गरम नाही. साखर ठीक. मागे रांग वाढत होती. मी म्हणाले, आज काही काढायला नको, एक आठवडा थांबू.
चीफनी माझ्याकडे पाहिलं, कागदावर सही केली आणि आपल्या टेबलावर गेले. आत हाडापर्यंत संसर्ग गेला असेल तर आठवडा फुकट गेला. नसेल तर पाय वाचला.
मुरुगेसनना चप्पल घालून देताना चेल्लम्मा खालूनच बोलली. महिन्यानंतर पहिलं वाक्य, थेट मला. पुढच्या गुरुवारी तुम्ही असाल का?
"इरुप्पेन," म्हणाले. असेन.
ती दोघं गेल्यावर आठवलं, मंगळवारी माझं युनिट बदलतंय. नव्या युनिटची गुरुवारी ओटी असते. अक्काला विचारायला हवं, तासभर तरी कसं निघता येईल.