बोटाची चूक आणि डोक्याची चूक

तिसगाव,
सप्टेंबर १९९९

प्रिय राजस,

जय भीम.

पत्र जाड दिसतंय म्हणून खूश होऊ नकोस. मी रागावलेली आहे. फोनवर बोलले असते, पण एसटीडी बूथवर मागे माणसं उभी असतात, आणि मला जे म्हणायचंय ते आपल्या गावच्या चार लोकांनी ऐकण्यासारखं नाही. शिवाय फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझा राग कुठल्या कुठे जातो. या वेळी तो जाऊ द्यायचा नाही असं ठरवलंय.

आधी तुझ्या त्या पानाबद्दल. इंटरनेटवर जपानी शब्दांच्या उजळणीचं पान तू आमच्या वर्गासाठी केलंस, त्याचं कौतुक मी अख्ख्या नगरला सांगून झालंय. माळीवाड्याजवळच्या सायबर कॅफेत मी आणि सायली शेजारी शेजारी बसतो. पडद्यावर मराठी शब्द येतो, त्याचा जपानी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. बरोबर आला की हिरवं, आणि तो शब्द पायरी चढून काही दिवस विश्रांतीला जातो. चुकला की लाल, आणि शब्द धाडकन तळाला. सुरुवातीला माझं पान म्हणजे नुसता लाल चिखल होता, आठवतंय ना? शब्द डोक्यात पक्का असायचा आणि बोटं घात करायची. तुझ्या बाबांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या त्या लोखंडी मशीनवर शिकलेली बोटं आहेत ही. कळ हाणल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही. तीच सवय घेऊन कॉम्प्युटरवर बसले, की एका अक्षराची दोन अक्षरं. आणि मागे जाऊन खोडायचं तर माझ्या हाताला माहीतच नाही! सरांनी शिकवलेलं, चूक झाली तर थांबायचं नाही, परीक्षेत वेळ जातो, पुढे चालायचं. म्हणून मी चुकीसकट पुढे जायची आणि एंटर दाबून मोकळी व्हायची. आमच्या इन्स्टिट्यूटच्या सगळ्या पोरी अशाच आहेत, कुणालाही बसवून बघ.

तेव्हा मी तुला चिडून लिहिलं होतं की तुझं मशीन आंधळं आहे, त्याला बोटाची चूक आणि डोक्याची चूक यातला फरक कळत नाही. तू उत्तरात एवढंच लिहिलंस, ‘बघतो काहीतरी.’ आणि त्यानंतर माझं पान हिरवंगार झालं. शब्द भराभर वर चढायला लागले. मला वाटलं, चला, बोटं वळली एकदाची. तुझ्या बाबांना जाऊन सांगितलं, सर, कॉम्प्युटरची कळ फक्त टेकवायची असते, मला जमलं. ते किती खूश झाले माहितीये? इन्स्टिट्यूटमध्ये आता मोजक्याच पोरी येतात, अर्ध्या मशीनवर कापड टाकलेलं असतं. तरी ते नव्या पोरींना माझं नाव सांगत होते.

आणि मग सेन्सेईंनी निवड जाहीर केली. म्हणजे आपल्या इंदूताईंनी; पुण्याच्या जपानी वर्गात शिकवताना त्यांना ताई म्हटलेलं चालत नाही. नगरच्या एमआयडीसीत जपानी इंजिनिअर येणार, त्यांच्यासाठी एक दुभाषी हवा, वर्षभर ओसाकाला प्रशिक्षण. तुझ्या पानावरची उजळणी पाहून त्यांनी माझं नाव घेतलं. माझ्यामागे सायली. आमच्या दादांनी लेक जपानला जाणार म्हणून कारखान्यात सगळ्या फिटर मंडळींना पेढे वाटले. आईनं शेजारच्या लंकाबाईला सांगितलं, आता आमची जयमाला इमानातून जानार. लंकाबाईनं ते तिसगावच्या आठवडे बाजारात पोचवलं. म्हणजे बघ, जाहिरात कुठवर गेली होती.

त्यानंतर एकदा कॅफेत सायली आणि मी सरावाला बसलो होतो. ‘हॉस्पिटल’ हा शब्द दोघींच्या पडद्यावर एकदमच आला. मला खरंच आठवेना. अंदाजानं ठोकून दिला. सायलीनं माझ्याकडे डोकावून तेच टाइप केलं, लबाड कुठली. तिचं लाल झालं, माझं हिरवं. आम्ही पुस्तक काढलं. आम्ही लिहिलं होतं ‘बियोइन’, हवं होतं ‘ब्योइन’. एका अक्षराचा फरक, पण आम्ही लिहिलेल्याचा अर्थ ब्युटी पार्लर! म्हणजे उद्या मशीनमध्ये हात सापडलेल्या कामगाराला घेऊन जपानी साहेब विचारणार, कुठे न्यायचं, आणि मी त्यांना पार्लरमध्ये पाठवणार. सायली हसून हसून लोळायची बाकी होती. मला हसू येईना. मग मी मुद्दाम प्रत्येक शब्दात एक अक्षर चुकवत गेले. हिरवं, हिरवं, हिरवं. सायलीच्या नावानं तेच केलं तर सगळं लाल. मग तिचंही हसणं थांबलं. ‘तुझ्यासाठीच केलंय गं त्यानं,’ एवढं म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

राजस, तुझा हेतू मला कळतो. तुला वाटलं, हिला येतंय, फक्त बोटं आडवी येतात, तेवढं झाकलं तर काय बिघडलं. अरे शहाण्या, पण त्या हिरव्यातलं बोटामुळे चुकलेलं कुठलं आणि मला मुळात येतच नव्हतं ते कुठलं, हे कोणी निवडलं? तू पुण्यात, मशीन कुठल्या देशात कोण जाणे. हे फक्त मला सांगता येतं, आणि मलाच विचारलं नाहीस. जे शब्द मला येत नव्हते ते ‘आले’ म्हणून वरच्या पायरीवर जाऊन बसले आणि परत माझ्यासमोर आलेच नाहीत. मी शिकायची राहिले. भलं करायला निघालास आणि मला कच्ची ठेवलीस.

आणि दुसरं. हे तुला कदाचित जड जाईल, तरी वाच. शाळेत माझा निकाल चांगला लागला की वर्गातली पोरं म्हणायची, तुमचं काय बाबा, तुमचं होणारच. तू त्यांच्यात नव्हतास, माहितीये. मी डिप्लोमाला जातीचा दाखला लावला तो ताठ मानेनं लावला. तो माझा हक्क आहे, उघड आहे, त्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचलं. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण ही तुझी मेहेरबानी चोरून केलेली आहे. ही उद्या बाहेर आली असती तर तीच पोरं म्हणाली असती, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? आणि पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर नसतं. सायली गेल्यावर तिथेच मला रडू आलं रे, आणि नेमकी लाईट गेली. कॅफेवाल्या आप्पासाहेबांना वाटलं लाईट गेली म्हणून रडतेय, त्यांनी जनरेटर लावला.

म्हणून आता पान दुरुस्त कर. कसं ते सांगते, यावर मी पुष्कळ विचार केलाय. तुझ्या बाबांकडे आम्ही कागद मशीनमधून काढला की तो तपासायला थेट त्यांच्याकडे जायचा नाही. आधी प्रत्येकीनं लाल पेन्सिलनं आपल्या चुकांना आपणच गोल करायचा आणि मग द्यायचा. लपवलेली चूक सरांना सापडली तर ते ओरडायचे नाहीत, नुसते पेन्सिल पुढे करायचे. तसंच कर. एका अक्षरानं चुकलं तर मशीननं ना हिरवं दाखवायचं ना लाल. काय टाइप झालंय ते दाखवायचं आणि विचारायचं, बोट चुकलं की आठवलं नव्हतं? ‘बोट’ म्हटलं तर शब्द पुन्हा लिहून घ्यायचा. ‘आठवलं नव्हतं’ म्हटलं तर तळाला. आणि हे सगळ्यांसाठी, एकट्या जयमालासाठी नाही. कुणी खोटं बोलेल म्हणतोस? बोलू दे. हॉस्पिटल विचारल्यावर कळेलच. आणि त्या रंगांवरून कुणाची निवड करू नका. उजळणी ही उजळणी असते, ती चुकण्यासाठीच असते.

मी गेल्या शनिवारी पुण्याला जाऊन सेन्सेईंना सगळं सांगितलं. तुझं नावही सांगितलं, ते लपवता आलं नसतं आणि लपवायचंही नव्हतं. त्यांनी निवड रद्द केली. येत्या रविवारी आम्हा सगळ्यांची पुन्हा परीक्षा आहे, त्यांच्यासमोर, तोंडी आणि लेखी. जागा सायलीला जाईल, मला मिळेल, की तिसऱ्याच कुणाला, सांगता येत नाही. ओसाका मला हवंय. खूप हवंय. म्हणून इथे गावी येऊन बसलेय, एकेक शब्द नव्यानं घोकतेय, हिरवे असलेले सगळे तळाला टाकून. दादा ऐकून दोन घास कमी जेवले. आई मात्र म्हणाली, मंग दे की परत परीक्षा, पेढं काय कुनी परत मागाया येत न्हाई. सायली अजून फुगलेली आहे. तरी कालच तिनं कुरिअरनं तिच्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाठवलाय, त्यावर लिहिलंय, ‘हरवायचं तर नीट तयारीच्या जयमालाला हरवीन.’

आता शेवटचं. खरं तर पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि धीर येईना म्हणून इतकी पानं भरली. मागच्या पत्रात तू विचारलंस, घरी आपल्या दोघांबद्दल बोलू का. मी उत्तर दिलं नाही, तू वाट बघत असशील. उत्तर ‘हो’ आहे. रागावलेली आहे तरी ‘हो’च आहे. पण रविवार होऊ दे, निकाल लागू दे, मग सर आणि काकूंना सांग. निवड झाली तर झाली म्हणून सांग. नापास झाले तर नापास झालेली जयमाला सांग, तिसगावच्या फिटरची मुलगी, बौद्ध, आणि तुझ्या पानाचं बिंग फोडून आलेली. एकही गोष्ट गोड करून सांगू नकोस. काकू नको म्हणाल्या तर मी त्यांच्यासमोर येऊन बसेन, पण तू मला झाकून आत नेऊ नकोस. आजवर प्रत्येक पत्राखाली मी ‘तुझी मैत्रीण’ असं लिहीत आले. आज तसं लिहीत नाही.

तुझीच,
जयमाला