ज्येष्ठांना एक रविवार विश्रांती दिली, त्याची हकिगत

ती. आत्यास,

दोन्ही हात जोडून सलाम. एका सत्काराला खरा खर्च किती येतो, ते आधी सांगून टाकतो: माझा घसा, नव्या कोटाची एक बाही, पाळकसाहेबांचा अर्धा उपदेश आणि घरातली माझी उरलीसुरली पत. (गादीच्या खुर्च्या धरल्या नाहीत, त्या ओळखीतून मिळाल्या.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे तू चढत असणारच. इकडे सगळे सुखरूप आहोत, पण अजून भानावर आलेलो नाही.

त्याचं असं झालं, की आपल्या मंडळीतल्या ज्येष्ठांचा सत्कार करावा ही कल्पना माझी. (कमिटीतले बाकीचे चहा प्यायला येतात, कल्पना मला एकट्यालाच सुचतात.) ज्यांनी हे चर्च उभं केलं, ज्यांच्या गीतांवर आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यांना एक रविवार तरी राजासारखं बसवावं. मी दुसऱ्यांच्या भिंती रंगवत रंगवत स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलेला माणूस, कष्टाची किंमत मला कळते. म्हणून मी माइकवरून जाहीर केलं, की त्या दिवशी साठीच्या पुढच्या कुणीही इकडची काडी तिकडे करायची नाही. आईने बाकावरूनच विचारलं, "अगदी काहीच नाही ना रे?" मी म्हटलं, "काहीच नाही. नुसतं बसायचं." तिने पोस्टमनकाकांकडे पाहिलं, त्यांनी नर्सबाईंकडे. गिऱ्हाइकाची नजर ओळखण्यात माझी हयात गेली, पण ही नजर मला कृतज्ञतेची वाटली.

रविवारी पोचतो तर सगळी मंडळी रस्त्यावर! घंटा वाजलेली नाही, दाराला कुलूप, आणि सगळे ज्येष्ठ कट्ट्यावर ओळीने बसलेले, जणू सामना बघायला आलेत. पोस्टमनकाकांनी अदबीने किल्ली माझ्या हातात ठेवली. "आज आम्ही पाहुणे." कुलूप निघालं, दार निघेना. मी खांदा लावला, जावयाने लाथ लावली, पाळकसाहेबांनी प्रार्थना लावली. शेवटी दुकानातली शिडी मागवली आणि नव्या कोटासकट मी खिडकीतून आत उतरलो. (बाही खिळ्यावर राहिली, आणि उपदेशाचा अर्धा वेळ दारातच गेला.) मग काका म्हणाले, "दार आधी आपल्याकडे ओढून वर उचलायचं असतं." मी म्हटलं, "काका, हे आधी नाही का सांगायचं?" तर म्हणे, "सांगणं हेसुद्धा कामच की!"

आत आलो तर पुढचा धक्का. ऑर्गनवर नर्सबाईंच्या जागी माझ्या सुनेला बसवलं होतं. तिने पायांनी भाता मारला तसा ऑर्गनने दमेकऱ्यासारखा एक लांब श्वास सोडला आणि गप्प झाला. नर्सबाई खुर्चीच्या गादीवर जरा आणखी मागे रेलल्या. "त्याच्यात एके ठिकाणी रुमालाची घडी सारावी लागते."

"कुठे, बाई?"

"उद्या विचार. आज सुट्टी आहे माझी."

आणि मग ती शांतता! गीत पहिलं, पुस्तकं उघडी, आणि सुरुवात कुणीच करेना. आत्या, मला तेव्हा कळलं, की इतकी वर्षं पहिला सूर आईच लावते. आम्ही बाकीचे त्या सुरावर नुसते चढून बसतो. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. छाती भरून मी सुरुवात केली, आणि काय सांगू, दुसऱ्या ओळीला सगळी मंडळी माझ्यामागे! उपासना मी तारली, असं म्हटलं तर ती बढाई होणार नाही.

खरा हादरा त्यानंतरचा. आभार मानायला आई उभी राहिली आणि म्हणाली, "खुर्च्या फार छान आहेत. आता आम्ही यातच बसणार." मागून टाळ्या कुणाच्या, तर नर्सबाईंच्या! घरी मी चिडून म्हटलं, "अगं, तुम्ही ही कामं कधी कुणाला शिकवलीच नाहीत!" ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "शिकवायला आम्ही दर रविवारी तासभर आधी जातो. तू घंटा ऐकून घरून निघतोस." मी एक जुडी पुढ्यात ओढून निवडायला बसलो.

पाळकसाहेब पुढच्या रविवारच्या नावाने गोळ्या घेऊ लागलेत. आमच्यानंतर हे दार, हा ऑर्गन कोण चालवणार, या विचाराने मला झोप नाही. दारच उघडलं नाही तर 'आमच्यानंतर'पर्यंत पोचायचं तरी कसं?

तुझा भाचा

ता. क. आई ऐकते ते फक्त तुझं. एक फोन कर आणि हा संप मिटव, एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २. पत्र चिकटवणार होतो, तेवढ्यात आईचा फोन कानावर पडला: "वन्सं, तुम्ही सांगितलंत तसंच केलं, जागच्या हललो नाही." माझे कान तुला माहीत आहेत. तेव्हा आता संप मिटवू नकोस, अटी तेवढ्या सैल कर. आई म्हणते, तरुणांनी रोज पहाटे शिकायला यायचं. शनिवार संध्याकाळ चालेल का? मी स्वतः येईन.

ता. क. ३. सून सांगते, दुसऱ्या ओळीपासून आईच हळूच गायला लागली होती. मंडळी तिच्या मागे होती. माझी चाल वेगळ्याच गीताची होती.