द्रौपदी निवडणुकीस उभी नसल्याबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
ग्रामपंचायत करवंदवाडी निवडणूक,
तहसील कार्यालय, शहापूर, जि. ठाणे

विषय : समाजमंदिराच्या भिंतीवरील द्रौपदी उमेदवार नसल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : उमेदवार श्री. कुंडलिक यांच्या तोंडी तक्रारी.

महोदय,

१. अर्जदार संजीवनी फर्डे ही आसनगावात दुकानांच्या पाट्या रंगवते. बचत गटाच्या सांगण्यावरून तिने श्रावणात करवंदवाडीच्या समाजमंदिरावर थोर स्त्रिया रंगवल्या. चेहरे काढले की ते गावातल्याच कोणाच्या तरी सुनेसारखे निघतात व भांडणे होतात, म्हणून तिने नुसत्या खुणा काढल्या : जिजाऊंचा सोन्याचा नांगर, सावित्रीबाईंची पाटी, सीतेची गवताची काडी आणि द्रौपदीची कधीच रिकामी न होणारी थाळी.

२. परवा चिन्हवाटपात सौ. धोंडूबाई यांना 'थाळी' मिळाली. त्यांचे प्रतिस्पर्धी श्री. कुंडलिक (चिन्ह 'कपबशी') यांनी लागलीच तक्रार केली, की द्रौपदी धोंडूबाईंचा प्रचार करते. थाळी झाका, असे ग्रामसेवकांनी सांगितले. अर्जदाराने आईचे जरीचे लुगडे थाळीवर टांगले. ते द्रौपदीला शोभूनही दिसत होते.

३. त्यावर, मतदारांना लुगड्यांचे आमिष दाखवतात, अशी तक्रार झाली. अर्जदाराने लुगडे काढले, जड मनाने थाळीवर निळा रंग फासला आणि श्रीकृष्णाने खाल्लेले भाजीचे पान तेवढे ठेवले. "आता जेवणावळी घालता काय?" असे श्री. कुंडलिक भिंतीसमोर ओरडले. परिणामी उद्या सबंध भिंतीला चुना मारण्याचे ठरले आहे.

४. हा गलका ऐकून पाड्यावरच्या भिमीआजी बायका घेऊन आल्या. त्यांनी भिंत नीट न्याहाळली व जाहीर केले, "आमी द्रौपदीलाच मत देनार. पाच नवरं सांबाळलं तिनं, गाव काय जड हाय तिला?" सर्व बायकांनी माना डोलावल्या. त्यांत श्री. कुंडलिक यांच्या सौभाग्यवतीही होत्या.

५. तरी द्रौपदी उमेदवार नसल्याचा सही-शिक्क्याचा दाखला कृपया आजच द्यावा. तो भिंतीवर लावल्यास चुना टळेल. तसेच भिमीआजींची समजूत घालण्यास एखादा अनुभवी कर्मचारी पाठवावा. अर्ज भरण्याची मुदत संपली, असे अर्जदाराने त्यांना सांगून पाहिले. त्यावर, "ती बारा वरसं वनवासात व्हती गो, तिला येळेत कसं कळंल?" असे त्यांनी विचारले. याचे उत्तर कार्यालयाकडे असल्यास कळवावे.

रंगाचे हात जोडून,
आपली नम्र,
(सही)
संजीवनी हनुमान फर्डे
रा. करवंदवाडी, ता. शहापूर
दि. २७ ऑक्टोबर २०२३

सोबत : भिंतीचे फोटो, चुन्यापूर्वीचे.